टोपण

कळंबोलीहून निघालेला ट्रक
आसूदच्या वळणावर अडला.
बारा मीटरचा गर्डर, शेपटाला लाल फडकं,
आणि आमचा रस्ता
सुपारीच्या बागांना विचारून वळणारा.
शर्फुद्दीनचाचा उतरले. टेप काढलीच नाही.
"काप इथेच. आठ आणि चार.
निम्म्यावर नको. जोड मधोमध आला
की पोट तिथंच येतं."

मी तेव्हा नुसती हिशेबाला होते.
दोनशेचा गर्डर मीटरला पंचवीस किलो,
शंभरचा चॅनेल नऊ आणि वर काही,
पन्नासचा अँगल, सहाची जाडी, साडेचार.
पाढे म्हणावेत तसं म्हणायचे,
अर्थ नव्हता.

अर्थ मिळाला हर्णैच्या बंदरावर,
लिलावाच्या शेडचे खड्डे खणताना,
वाळूत बोटाने काढलेला.
चाचांच्या आज्याने होड्या बांधल्या,
त्यामुळे लोखंडाचे दाखलेसुद्धा लाकडाचे.

"गर्डर म्हणजे होडीचा पठाण. तळाचा कणा.
फक्त लाकूड सगळीकडे सारखंच भरीव, उधळं.
लोखंडानं हिशेब केला:
वाकताना वरचा काठ दबतो, खालचा ताणतो,
मधल्याचं काम त्यांना एकमेकांपासून लांब धरायचं.
मग मधलं बारीक, काठ जाड."

"चॅनेल एकटा घातलास तर अंग पिळतो.
दोन घे, पाठीला पाठ लाव,
भांडून झोपलेल्या नवराबायकोसारखे.
भार घेतात. बोलत नाहीत, पण घेतात."

अँगलवर ते थोडं थांबायचे.
"हा गरीब. ह्याच्यावर एकट्यावर छप्पर टाकू नये.
कैचीत घाल. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही,
एवढं कळलं की झालं."

आणि खांबाला पाइप.
वारा कुठूनही येवो,
त्याला पुढची बाजू नाही, मागची नाही.
"पण पोकळ आहे, पोरी, आणि आपण समुद्रावर.
तोंड उघडं ठेवलंस तर खारं वारं आत घर करील."
जुन्या धक्क्यावरच्या दिव्याच्या खांबाला
त्यांनी हातोडी मारून दाखवली.
टण् नाही झालं.
ओल्या पोत्यावर मारल्यासारखं काहीतरी झालं,
आणि वरचा हिरवा रंग
तसाच ताजातवाना.

आठ खांब. आठ टोपणं, सहाच्या प्लेटची.
सातांची मी मारली; तोवर हात बसला होता.
आठवं त्यांनी.
भर दुपार, मांडवांवर बोंबील वाळत घातलेले,
कुणाच्या तरी इंजिनाचा फटफटाट,
धुराने त्यांना आलेली ढास.
शेवटच्या सुतभर फटीतून
तापलेली हवा फुसफुसली,
ते थांबले, निवू दिलं, मग बंद केलं.
"आता आतलं आत," म्हणाले
आणि पोपडा झाडला.

त्या थंडीत चाचा गेले.
पुढच्या वादळात पत्रे उडाले,
तीन पाजपंढरीला सापडले, एक सापडलाच नाही.
कैच्या जागच्या हलल्या नाहीत.
भागिरथीने वर बघून एवढंच विचारलं,
"पत्रे कधी टाकताव?"

परवा सोसायटीचा रघुवीर पावसे
ड्रिल घेऊन आला. भावाचा फळा लावायचाय,
आठव्या खांबाला, सगळ्यांना दिसतो म्हणून.
मी म्हटलं, भोक नको. क्लॅम्प लाव.
"एका भोकानं काय होतंय?"
खारं वारं, म्हटलं.
खरंच होतं ते.
तो माझ्याकडे बघत उभा, अजून काही सांगेन म्हणून.

मी खांबाचा घेर मोजला,
पंचवीस बाय पाचची पट्टी वाकवली,
दोन नटबोल्ट, रेड ऑक्साइडचा हात,
मीटरला एक किलो धरून
बिल लिहून दिलं.